स्टार ट्रेक : तेरा चित्रपट, एक दुपार

गेल्या दिवाळीच्या सुटीत पावसला गेलो होतो. गावी गेलो की आमच्या विज्ञानाच्या बाईंना भेटल्याशिवाय परत यायचे नाही, हा शिरस्ता आहे. बाई निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षे झाली, पण शाळेच्या विज्ञान मंडळाच्या शनिवारच्या तासाला त्या अजूनही जातात. चहा पुढे ठेवत त्या म्हणाल्या, "शाळेत आता प्रोजेक्टर आलाय. शनिवारी शाळा सकाळची असते. सुटल्यावर दोन तास मिळतील. नववीच्या मुलांना अंतराळावरचा एक चित्रपट दाखवायचा आहे. कुणीतरी स्टार ट्रेकचं नाव सुचवलं. त्यातले तेरा आहेत म्हणे. कुठला दाखवू?"

मी म्हणालो, "बाई, कुठलाही दाखवा. पण मुलांना आधी सांगून ठेवा, की त्यात विज्ञानाच्या ढीगभर चुका आहेत."

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुझं ते व्याख्यान आठवतंय मला."

मलाही आठवत होते. डॉक्टरेट मिळून जेमतेम वर्ष झाले असेल. एका शाळेत मी 'चित्रपटांतील विज्ञान' या विषयावर बोललो होतो. निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज कसा ऐकू येईल? हवा नसताना यान विमानासारखे एका अंगावर कलून वळण का घेते? अशा चुका मी एकामागून एक दाखवल्या. मुले हसली, टाळ्या पडल्या. निघताना एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "सर, मग खरं कसं असतं?" मला बस गाठायची होती. "पुढच्या वेळी सांगतो," म्हणालो आणि निघालो. ती पुढची वेळ कधी आली नाही.

"चुका मोजायला कुठलाही चित्रपट चालतो रे," बाई म्हणाल्या. "बघून झाल्यावर मुलं चार प्रश्न विचारतील, असा कुठला आहे ते सांग."

शिक्षकमित्रहो, हा लेख म्हणजे बाईंना द्यायच्या उत्तराची तयारी आहे. त्यासाठी चित्रपटगृहांत आलेले तेराही चित्रपट मी पुन्हा पाहिले.

थोडी पार्श्वभूमी

जीन रॉडनबेरी यांची 'स्टार ट्रेक' ही दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६मध्ये सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९मध्ये बंद पडली. पुढे तिचे पुनःप्रक्षेपण इतके लोकप्रिय झाले की १९७९मध्ये तिच्यावर पहिला चित्रपट निघाला. आपल्याकडे १९८०च्या दशकात ती दूरदर्शनवर आली आणि माझ्या आधीच्या पिढीतील अनेकांनी रविवारी सकाळी पाहिली. गोष्टीचा सांगाडा साधा आहे. तेविसाव्या शतकात 'एंटरप्राइज' नावाचे यान अज्ञात जग धुंडाळत हिंडते. यानावर नाना देशांचे लोक आहेत. भावनेच्या भरात उडी घेणारा कप्तान कर्क, तर्काला धरून चालणारा परग्रहवासी स्पॉक आणि माणुसकीची बाजू मांडणारा डॉक्टर मॅकॉय हे त्यांतले प्रमुख. १९९४पासूनच्या चार चित्रपटांत यानाची पुढची पिढी दिसते. २००९पासूनच्या तीन चित्रपटांत जुनीच पात्रे नव्या नटांनी उभी केली आहेत.

या चित्रपटांबद्दल चाहत्यांत एक 'नियम' प्रसिद्ध होता : सम क्रमांकाचे चित्रपट चांगले, विषम क्रमांकाचे वाईट. १९९८च्या नवव्या चित्रपटापर्यंत तो बराचसा लागूही पडला. नाणे नऊ वेळा उडवले, तर छापा-काटा अगदी एकाआड एक पडण्याची शक्यता २५६त एक असते. म्हणजे नियम पक्का वाटावा! पण २००२चा दहावा चित्रपट, 'नेमेसिस', सम असूनही सपशेल पडला आणि २००९चा अकरावा विषम असूनही गाजला. मौज अशी, की हा नियम आकडे पाहून झाल्यावर बनवलेला होता. शिवाय तिसरा चित्रपट तसा बरा आहे, पण नियमात बसावा म्हणून त्यालाही वाईटात ढकलले जाई. आधी नियम मांडायचा आणि मग तो नव्या निरीक्षणांवर तपासायचा, हा क्रम उलटला की काय होते, हे सांगायला याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

मोजपट्टी कोणती?

मी तीन प्रश्न ठरवले. एक, गोष्टीतून विज्ञानाची कल्पना काढून घेतली, तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल, तर विज्ञान तिथे केवळ सजावटीला आहे. दोन, चित्रपटात चूक असेल, तर ती गोष्टीची सोय म्हणून केलेली आहे, की विचार करायचा आळस म्हणून? तीन, चित्रपट संपल्यावर नववीतल्या मुलाला काही विचारावेसे वाटेल का?

दुसऱ्या प्रश्नाचा थोडा खुलासा करतो. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारे यान ही सोय आहे. तिच्यावाचून गोष्ट सुरूच होत नाही. शिवाय ती अगदीच निराधारही नाही. १९९४मध्ये मिगेल अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की यानाच्या पुढचा अवकाश आकुंचन आणि मागचा प्रसरण पावत राहिला, तर सापेक्षतेची समीकरणे न मोडता असा प्रवास कागदावर तरी मांडता येतो. अडचण एवढीच, की त्यासाठी ऋण ऊर्जा लागते आणि ती इतक्या प्रमाणात मिळवण्याचा मार्ग कोणालाच ठाऊक नाही. उलट २००९च्या चित्रपटात एका ताऱ्याच्या स्फोटाने सारी दीर्घिका धोक्यात येते. आपल्या दीर्घिकेत दर शतकाला सरासरी दोनएक अतिनवतारे फुटत असावेत, आणि तरीही आपण हा अंक वाचतो आहोत! हा आळस झाला.

या मोजपट्टीने बरेचसे चित्रपट लवकर बाजूला पडतात. १९८९च्या 'द फायनल फ्रंटियर'मध्ये यान दीर्घिकेच्या केंद्राकडे निघते आणि काही तासांत पोहोचते. हे अंतर सुमारे २६,००० प्रकाशवर्षांचे! तिथे देव असल्याचा दावा करणारी एक शक्ती भेटते. देवाला यानाची गरज काय, अशा अर्थाचा कर्कचा प्रश्न तेवढा लक्षात राहतो. १९८४चा तिसरा चित्रपट दुसऱ्याचे शेपूट आहे. 'जनरेशन्स', 'इन्सरेक्शन' आणि 'नेमेसिस' हे मालिकेतील लांबवलेले भाग वाटतात. २००९, २०१३ आणि २०१६ चे चित्रपट देखणे आणि वेगवान आहेत, मुलांना आवडतीलही. पण त्यांत धावपळ इतकी, की प्रश्न पडायला फुरसतच मिळत नाही. उरले पाच.

अनुत्तीर्ण व्हायची परीक्षा

१९८२चा 'द रॅथ ऑफ खान' (दिग्दर्शक निकोलस मायर) हा बहुतेकांच्या मते सर्वोत्कृष्ट आहे. नाट्य म्हणून पाहिले तर मलाही ते मान्य आहे. खान नूनियन सिंग हा जनुकीय निवडीतून घडवलेला 'श्रेष्ठ' मानव. मूळ मालिकेत तो उत्तर भारतातला असल्याचे सुचवले आहे, भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान यांची. श्रेष्ठ माणसे निवडून पैदा करण्याच्या कल्पनेने विसाव्या शतकात काय उत्पात घडवला, हे इतिहासाच्या शिक्षकांना सांगायला नको. आणि 'हुशारांची तुकडी' वेगळी काढणाऱ्या आपल्या शाळांनीही खानकडे जरा निरखून पाहावे.

चित्रपटाची सुरुवात एका परीक्षेने होते. शत्रूच्या सीमेलगतच्या तटस्थ पट्ट्यात अडकलेले जहाज वाचवायचे, पण काहीही केले तरी परीक्षार्थी हरणारच, अशी तिची रचना. हरताना माणूस कसा वागतो, एवढेच तीत पाहतात. कर्कने तरुणपणी ती उत्तीर्ण केली होती, कशी, तर संगणकातील आज्ञावली आधीच बदलून! ही कॉपी की कल्पकता? दहावीच्या वर्गात हा वाद लावून द्यावा आणि आपण गप्प बसावे. उत्तर चित्रपटाच्या शेवटी आहे. यान वाचवण्यासाठी स्पॉक किरणोत्सर्ग भरलेल्या कक्षात शिरतो आणि मरतो. आयुष्यभर हरणे टाळलेल्या कर्कला तेव्हा ती परीक्षा खऱ्या अर्थाने द्यावी लागते.

गणिताच्या शिक्षकांसाठीही यात एक प्रसंग आहे. तेजोमेघात दोन याने एकमेकांना शोधत असताना स्पॉकच्या ध्यानात येते, की खान दोनच मितींत विचार करतो आहे. मग एंटरप्राइज सरळ खाली उतरते आणि शत्रूच्या मागून वर येते. क्ष आणि य अक्षांवर तिसरा अक्ष उभा करायला याहून चांगले चित्र मिळणार नाही. तेजोमेघ इतका दाट मात्र नसतो. खऱ्या तेजोमेघात घनसेंटिमीटरमागे साधारणपणे शेकडो ते हजारो कण असतात. आपण श्वासात घेतो त्या हवेत त्याच जागेत २५वर अठरा शून्ये इतके रेणू असतात. तेजोमेघात शिरलेल्या यानाला आपण आत आहोत हे कळणारही नाही.

शत्रूला मदत आणि दारुडा वैज्ञानिक

मायर यांचाच १९९१चा 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री' हा सहावा चित्रपट. शत्रुराष्ट्राच्या ऊर्जाकेंद्राचा चंद्र फुटतो आणि त्या राष्ट्राचे आयुष्य मोजके उरते. आता त्याला मदत करायची की मरू द्यायचे? १९८६चा चेर्नोबिलचा अपघात डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे हे उघड आहे. चित्रपट डिसेंबर १९९१मध्ये लागला आणि त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. स्फोटाची लाट चपट्या कड्यासारखी पसरते ही चूक आहे. ती सर्व दिशांना, फुग्यासारखी पसरायला हवी. पण सर्वांत जास्त पूर्वग्रह खुद्द नायकाच्या मनात आहेत, हे दाखवण्याचे धाडस या चित्रपटात आहे.

१९९६चा 'फर्स्ट काँटॅक्ट' (दिग्दर्शक जोनाथन फ्रेक्स) मला वेगळ्याच कारणाने आवडतो. २०६३मध्ये झेफ्राम कॉक्रेन हा शास्त्रज्ञ जुन्या क्षेपणास्त्रातून पहिले प्रकाशाहून वेगवान यान बनवतो. भविष्यातून आलेले लोक त्याला देव मानतात, पुढे त्याचा पुतळा उभारला जाणार आहे म्हणून सांगतात. प्रत्यक्षात तो दारुडा आणि भित्रा आहे. हे सारे आपण पैशांसाठी केले, असे तो सरळ कबूल करतो. पुतळ्याची गोष्ट ऐकून तर तो पळूनच जातो! आपण मुलांना शास्त्रज्ञांची चरित्रे सांगतो ती बहुधा पुतळ्यांची असतात. चुकणारा, घाबरणारा माणूसही काही मोठे करू शकतो, हे त्यांना कोण सांगणार? २०६३ म्हणजे थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेल्या आपल्या पहिल्या अग्निबाणाला शंभर वर्षे होतील ते साल. तो अग्निबाण अमेरिकेने दिलेला होता आणि जुळवाजुळव चालली होती चर्चच्या इमारतीत. सामान सायकलवरून नेतानाचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. या चित्रपटातही मोठ्या गोष्टीची सुरुवात अशीच साध्या साधनांनी होते. 'बोर्ग' या यांत्रिक शत्रूची दृश्ये मात्र भीतिदायक आहेत. नववीच्या वर्गासाठी ती मला योग्य वाटत नाहीत.

व्हॉयेजरची हाक

आता पहिला चित्रपट, १९७९चा 'द मोशन पिक्चर'. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, विज्ञान सल्लागार आयझॅक असिमॉव्ह. हा संथ म्हणून बदनाम झाला, आणि तो संथ आहेच. यानाभोवती कॅमेरा फिरतो तो फिरतच राहतो. पण माझ्या तीनही प्रश्नांना सर्वांत खणखणीत उत्तर हाच देतो.

'व्हीजर' नावाचे एक अवाढव्य यंत्र पृथ्वीकडे येते आहे. वाटेत येईल ते नष्ट करत, पण नष्ट करण्याआधी त्याची संपूर्ण माहिती साठवत. शेवटी कळते, की त्याच्या पोटात माणसानेच विसाव्या शतकात पाठवलेले 'व्हॉयेजर ६' आहे. नावाच्या पाटीवरची मधली अक्षरे काजळीने झाकली गेली आणि उरले ते 'व्हीजर'. शक्य ती सगळी माहिती गोळा करण्याची आज्ञा त्याने पाळली. आता साऱ्या विश्वाची माहिती त्याच्याजवळ आहे आणि तरी एक प्रश्न शिल्लक आहे : माझे असणे म्हणजे एवढेच का? माहितीचे ढीग हाताशी आणि 'पुढे काय' ठाऊक नाही, ही आजच्या आपल्या विद्यार्थ्यांचीच अवस्था नव्हे काय? यंत्राच्या वतीने हा प्रश्न घेऊन येणारी ईलिया रंगवली आहे मुंबईत जन्मलेल्या पर्सिस खंबाटा यांनी. १९६५च्या 'मिस इंडिया' असलेल्या या अभिनेत्रीने भूमिकेसाठी डोक्याचे मुंडण केले होते.

खरे 'व्हॉयेजर' दोनच आहेत. दोन्ही १९७७मध्ये निघाली. पहिले २०१२मध्ये आणि दुसरे २०१८मध्ये सूर्याच्या वाऱ्याच्या सीमेबाहेर पडले. 'व्हॉयेजर १'कडून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगाने यायलाही आता सुमारे एक दिवस लागतो. त्याचा स्वतःचा वेग सेकंदाला १७ किलोमीटर, म्हणजे एक प्रकाशवर्ष कापायला साडेसतरा हजार वर्षांहून अधिक. तारे किती दूर आहेत, हे मुलांना या भागाकारातून जितके कळते तितके कोणत्याही विशेषणाने कळत नाही.

या यानांवर एक सोनेरी तबकडी आहे, तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत. त्यांत मराठी आहे! आणि तीत केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या या गायिकेचे १६ सप्टेंबर १९७७ रोजी निधन झाले. 'व्हॉयेजर १' त्याआधी अकराच दिवस उडाले होते. चित्रपटात या तबकडीचा उल्लेख नाही. पण आपल्या वर्गात तो व्हायला हवा.

देवमाशांचे उत्तर

मग पहिल्या क्रमांकावर हाच का नाही? कारण बाईंचा वर्ग पावसला आहे.

१९८६चा 'द व्हॉयेज होम' स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांनीच दिग्दर्शित केला. त्याच वर्षी जानेवारीत 'चॅलेंजर' यानाच्या अपघातात गेलेल्या सात अंतराळवीरांना तो अर्पण केलेला आहे. यात खलनायक नाही, लढाई नाही. तेविसाव्या शतकात एक अज्ञात यान पृथ्वीजवळ येऊन हाका घालू लागते. त्या हाकांनी समुद्राची वाफ होते, आभाळ झाकोळते. हाक माणसांसाठी नसतेच. ती असते हम्पबॅक जातीच्या देवमाशांसाठी. पण ती जात माणसाने केव्हाच संपवलेली आहे. उत्तर द्यायला कोणी उरलेले नाही. म्हणून कर्क आणि मंडळी १९८६च्या सॅन फ्रान्सिस्कोला मागे जातात आणि दोन देवमासे घेऊन येतात.

पहिली कसोटी लावा. देवमाशाच्या गाण्याचे विज्ञान काढून घेतले, तर गोष्ट कोसळते. हे देवमासे लांबलचक, रचनाबद्ध 'गाणी' गातात, असा शोधनिबंध रॉजर पेन आणि स्कॉट मॅकव्हे यांनी १९७१मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिने देवमासे वाचवण्याच्या चळवळीला बळ दिले. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९८२मध्ये व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. तो लागू झाला चित्रपट आला त्याच सुमारास. सूर्याभोवती वळसा घालून काळात मागे जाणे अर्थातच सोय आहे. ती आपण देऊन टाकू.

आणि तिसरी कसोटी? आपल्या अरबी समुद्रात हम्पबॅक आहेत. इतर समुद्रांतले हे देवमासे ऋतूप्रमाणे हजारो किलोमीटर प्रवास करतात. आपले मात्र बारमाही इथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्यावरील अभ्यासातून त्यांची संख्या शंभराच्या आत असावी असा अंदाज निघाला. मूळ मालिका सुरू झाली त्याच सुमारास, १९६०च्या दशकाच्या मध्यात, सोव्हिएत जहाजांनी अरबी समुद्रात दोनशेहून अधिक हम्पबॅक मारले होते. बेकायदा शिकारीच्या त्या नोंदी जगापुढे आल्या त्या सोव्हिएत संघ कोसळल्यावर. म्हणजे चित्रपटातील नामशेष होण्याची गोष्ट आपल्या दारातली आहे.

नोव्हेंबर २०२३मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत निळ्या देवमाशाचे एक पिल्लू अडकले होते. वनखात्याची माणसे आणि गावकरी दिवसरात्र त्याच्यावर पाणी मारत होते, त्याला पुन्हा समुद्रात नेण्याची खटपट करत होते. पिल्लू वाचले नाही. पावसच्या शाळेत बसलेल्या मुलांनी ती दृश्ये घरोघरी मोबाइलवर पाहिली आहेत. पडद्यावरचा देवमासा समुद्रात परततो तेव्हा त्यांना काय वाटेल, हे मला सांगता येणार नाही. पण काहीतरी वाटेल, याची खात्री आहे.

मी बाईंना हेच नाव कळवले. त्यांनी चित्रपट सलग न दाखवता दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत दाखवला आणि मधे थांबून मराठीत गोष्ट सांगितली. इंग्रजी संवादांची अडचण अशी सुटते. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला : "एका मुलीने विचारलंय, देवमासे त्या यानाला नेमकं काय म्हणाले?"

खरेच, चित्रपट ते सांगत नाही. यान आणि देवमासे बोलतात, यान निघून जाते, आणि माणसाला त्यातले अक्षरही कळत नाही. सगळ्या तेरा चित्रपटांत मला हे सर्वांत प्रामाणिक दृश्य वाटते. कारण देवमाशांच्या गाण्याचा अर्थ आजही आपल्याला लागलेला नाही. गातात ते नर, एका समुद्रातले नर साधारण एकच गाणे गातात, आणि ते गाणे हळूहळू बदलत जाते. इतके माहीत आहे. का गातात, यावर अजून वाद आहे.

त्या मुलीला मी दोन पानांचे पत्र लिहिले. या वेळी बसची घाई नव्हती.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. प्रकाशाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत, 'व्हॉयेजर १'पर्यंत आणि जवळच्या ताऱ्यापर्यंत (४.२ प्रकाशवर्षे) किती वेळ लागतो याचा तक्ता करा. तिसऱ्या अंतराला व्हॉयेजरला किती वर्षे लागतील?

२. नाणे नऊ-नऊ वेळा उडवून प्रत्येक गटाने निकाल लिहावा. निकालात काही 'नियम' दिसतो का ते पाहून तो फळ्यावर मांडावा. मग पुन्हा नऊ वेळा उडवून नियम तपासावा.

३. आज अंतराळात तबकडी पाठवायची झाली, तर आपल्या गावातला कोणता एक आवाज तीत घालाल? का? कारण पाच ओळींत लिहा.